स्वयंसेवकांनी वाचविलेली आगगाडी



वेल्सच्या पश्चिम किनाऱ्यावर टाउइन नावाचे एक लहानसे गाव आहे. तेथून डोंगरातील पाटीच्या दगडाच्या खाणीकडे जाणारी टॅलिलिन रेल्वे १८६५ साली उभी राहिली. आपल्या माथेरानच्या गाडीचे रूळ दोन फुटांचे, हिचे सव्वादोन. दगड खाली आणावा आणि दरीतील माणसांची ने-आण करावी, एवढेच तिचे काम. डिसेंबर १९४६ मध्ये खाणीत दरड कोसळली व खाण बंद पडली. १९४८ साली ब्रिटनमधील रेल्वेंचे राष्ट्रीयीकरण झाले, तेव्हा सरकारी यादीत या रेल्वेचे नावही नव्हते. ही उपेक्षाच पुढे तिच्या पथ्यावर पडली! आपण हयात असेतो गाडी चालेल, असा शब्द मालक सर हेन्री हेडन जोन्स यांनी दिला होता आणि तो त्यांनी पाळला. जुलै १९५० मध्ये ते निवर्तले.

आता रेल्वेही त्यांच्या मागोमाग जाणार, हे उघड होते. परंतु एल. टी. सी. रोल्ट या अभियंता-लेखकाने त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बर्मिंगहॅमला सभा बोलाविली. स्वयंसेवकांनी रेल्वे चालवावी, ही कल्पना त्या काळी हास्यास्पदच वाटावी अशी होती. हाती होते काय? स्लीपर कुजलेले, रूळ गवतात बुडालेले. दोन मूळ इंजिनांपैकी ‘टॅलिलिन’ निकामी झालेले. १८६६ सालचे ‘डॉल्गॉख’ तेवढे कसेबसे चालणारे. शेजारची कॉरिस रेल्वे बंद पडली होती. तिचे रूळही नेमके सव्वादोन फुटांचे. म्हणून तिची दोन इंजिने कामी आली. १४ मे १९५१ रोजी स्वयंसेवकांची पहिली गाडी सुटली. ‘टॅलिलिन’ची पुनर्बांधणी होऊन ते रुळांवर परतण्यास मात्र १९५८ साल उजाडले.

‘थॉमस’ या बोलक्या इंजिनाचे जनक, पाद्री विल्बर्ट ऑड्री, येथे गार्ड म्हणून राबले. एकदा त्यांनी उपाहाराचे पदार्थ विकणाऱ्या बाईंना स्थानकावरच विसरून गाडी सोडली आणि त्या फजितीचीही मुलांसाठी गोष्ट केली.

हौस म्हटली की आपल्याला सुटीतील करमणूक आठवते. या कामात तसे काही नाही. गाडी सुटण्याच्या कितीतरी आधी, पहाटेच, भट्टी पेटवावी लागते. थंड बॉयलर एकाएकी तापविला तर पत्रे व सांधे ताणले जातात. काचेच्या नळीतील पाण्याच्या पातळीवरून नजर हलविता येत नाही. पाणी भट्टीच्या छताखाली उतरले तर ते छत तापून मऊ पडते आणि स्फोटाचा धोका उभा राहतो. म्हणूनच येथे डॉक्टर असो वा प्राध्यापक, आरंभ क्लीनर म्हणून काजळी व तेल पुसण्यापासूनच होतो. मग फायरमन, आणि पुष्कळ वर्षांनी ड्रायव्हर. पायरी गाळून कोणालाही वर जाता येत नाही.

ऑगस्ट १९६८ मध्ये ब्रिटिश रेल्वेने मुख्य मार्गांवरील नियमित वाफेच्या गाड्या थांबविल्या. तेथे घडलेले ड्रायव्हर-फायरमन आता काळाआड जात आहेत. इंजिन पैशाने दुरुस्त होते, सुटा भाग नव्याने ओतून घेता येतो. पण चढ येण्याआधी भट्टीत कोळसा कोठे व किती टाकावा, हे ज्ञान फावडे हाती घेतलेल्या माणसाकडूनच शेजारी उभ्या असलेल्या पोराला मिळते. टॅलिलिनवर पगारी कर्मचारी थोडे आहेत, पण हे शिकविण्याचा बराचसा भार बिनपगारी माणसेच वाहतात.

२०२१ साली युनेस्कोने वायव्य वेल्सच्या पाटीच्या दगडाच्या प्रदेशाला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. त्यात ही रेल्वेही आली. पुढे दोनच वर्षांनी, नोव्हेंबर २०२३ मध्ये, वेल्समधील फॉस-ई-फ्रान ही कोळशाची मोठी उघडी खाण बंद झाली. तिचा कोळसा वाफेच्या इंजिनांना विशेष मानवत असे. परदेशी कोळशाची आच वेगळी, राख वेगळी. त्यामुळे मुरलेल्या फायरमनलाही आपली भट्टी पुन्हा नव्याने ओळखून घ्यावी लागते.