विद्यार्थ्याचे स्वास्थ्य आणि विद्यापीठाचे नियम : नेदरलँड्सचा अनुभव

नोव्हेंबर 2021 मध्ये नेदरलँड्समधील त्रिम्बोस संस्था, म्हणजे मानसिक आरोग्य आणि व्यसनाधीनता या विषयांवर संशोधन करणारी संस्था, तेथील राष्ट्रीय सार्वजनिक आरोग्य संस्था आणि प्रादेशिक आरोग्य विभाग यांनी मिळून उच्चशिक्षणातील सुमारे 28,000 विद्यार्थ्यांच्या पाहणीचा अहवाल प्रसिद्ध केला, तेव्हा 51 टक्के विद्यार्थ्यांमध्ये चिंता व नैराश्य या स्वरूपाच्या तक्रारी आढळल्या आणि त्यांपैकी बऱ्याच जणांच्या तक्रारी गंभीर होत्या. करोनाकाळातील एकांतवासाचा या आकड्यात वाटा होताच. परंतु अभ्यासाचा ताण, इतरांच्या आणि स्वतःच्या अपेक्षांचे ओझे आणि एकटेपणा ही कारणे साथ येण्याच्या कितीतरी आधीपासून तेथे घर करून होती. ज्या देशाने लायडनचे विद्यापीठ 1575 मध्ये स्थापन केले, जेथे ग्रंथालये, क्रीडासंकुले आणि सायकलमार्ग यांची कोणतीही वाण नाही, त्या देशातील निम्मे विद्यार्थी अस्वस्थ असावेत, ही गोष्ट केवळ समुपदेशकांच्या अपुऱ्या संख्येने उलगडत नाही.

समुपदेशनाची व्यवस्था तर तेथे चांगलीच विस्तृत आहे. प्रत्येक विभागात अभ्याससल्लागार असतो आणि तो विद्यार्थ्याला विषयांची निवड, परीक्षांचा क्रम व मागे राहिलेला अभ्यास यांविषयी मार्गदर्शन करतो. त्याच्या वर विद्यापीठाच्या पातळीवर ‘स्टुडेंटेनडेकान’ नावाचा अधिकारी असतो, जो नियम, आर्थिक साहाय्य, अपंगत्वासाठीच्या सवलती आणि तक्रारी यांत विद्यार्थ्याची बाजू सांभाळतो. शिवाय विद्यार्थी-मानसतज्ज्ञ असतो, जो मोजक्या भेटींपुरते साहाय्य करून दीर्घ उपचारांसाठी बाहेर पाठवतो. बाहेर म्हणजे ‘हाउसआर्ट्स’कडे, अर्थात ज्याच्याकडे आधी नाव नोंदवावे लागते अशा सामान्य डॉक्टरकडे, त्याच्या चिठ्ठीशिवाय विशेषज्ञाचे दार उघडत नाही, आणि चिठ्ठी मिळाल्यानंतरही मानसोपचारासाठी अनेकदा काही महिने थांबावे लागते. या व्यवस्थेचा एक गुण असा की कोणत्या अडचणीसाठी कोणाकडे जायचे हे ठरलेले असते. मात्र ती पूर्णपणे मागणाऱ्यावर अवलंबून आहे : जो बोलतो त्याला ती मिळते, जो गप्प राहतो त्याच्याकडे ती आपणहून जात नाही.

परंतु विद्यार्थी मानसतज्ज्ञाच्या दारापर्यंत ज्या वाटेने येतो, ती वाट पुष्कळदा विद्यापीठाच्या आणि शासनाच्या नियमांनीच आखलेली असते. नेदरलँड्समध्ये पदवीच्या पहिल्या वर्षाला 60 श्रेयांक असतात आणि त्यांतील ठरावीक श्रेयांक, सामान्यतः 40 ते 45, न मिळवणाऱ्या विद्यार्थ्याला त्या अभ्यासक्रमातून बाहेर पडावे लागते. या तरतुदीला ‘बंधनकारक अभ्याससल्ला’ असे म्हणतात. रॉटरडॅमच्या इरॅस्मस विद्यापीठाने तर 2012 पासून पहिल्या वर्षी पूर्ण 60 श्रेयांकांची अपेक्षा ठेवली होती. या तरतुदीमागील हेतू वाईट नाही, कारण चुकीच्या शाखेत तीन-चार वर्षे अडकून पडण्यापेक्षा वर्षभरात निर्णय झालेला बरा. शिवाय आजारपण, गरोदरपण, कौटुंबिक आपत्ती यांसारख्या वैयक्तिक परिस्थितीचा विचार करण्याचे बंधन कायद्याने विद्यापीठावर घातलेले आहे. तरीही नव्या गावात, बहुधा प्रथमच घराबाहेर राहणाऱ्या अठरा-एकोणीस वर्षांच्या तरुणाच्या डोक्यावर पहिल्याच वर्षी ही टांगती तलवार असते. करोनाच्या काळात विद्यापीठांनी हा सल्ला एका वर्षापुरता स्थगित ठेवला, यावरून तो अपरिहार्य नाही हे तेथील विद्यापीठांनीच दाखवून दिले. पुढे भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट डाइकग्राफ यांनी शिक्षणमंत्री झाल्यावर पहिल्या वर्षाची अट 30 श्रेयांकांपर्यंत उतरवण्याचा प्रस्ताव मांडला. विद्यापीठांनी त्याला विरोध केला आणि तो प्रस्ताव मागे पडला. हा विरोध खेदजनक म्हणावा लागतो, कारण विद्यार्थ्यांच्या ताणाविषयी सर्वाधिक परिपत्रके काढणाऱ्या संस्थांनीच तो केला.

पैशाची गोष्ट याहूनही बोलकी आहे. 1986 पासून तेथील प्रत्येक विद्यार्थ्याला पालकांच्या उत्पन्नाचा विचार न करता मूलभूत विद्यावेतन मिळत असे. सप्टेंबर 2015 पासून नव्या विद्यार्थ्यांसाठी ते बंद करून त्याच्या जागी कर्जाची पद्धत आणली गेली, आणि वाचणारा पैसा शिक्षणाच्या दर्जावर खर्च केला जाईल असे सांगितले गेले. कर्जाचा व्याजदर अनेक वर्षे शून्य होता, तेव्हा त्याचे ओझे कागदावर हलके दिसले. 2024 मध्ये तो 2.56 टक्क्यांवर गेला आणि घरासाठी कर्ज मागताना बँका हे विद्यार्थिकर्ज हिशेबात धरतात हे तरुणांना कळून चुकले. जुने विद्यावेतन सप्टेंबर 2023 मध्ये परत आले, परंतु मधल्या आठ वर्षांत शिकलेल्यांना, ज्यांना तेथे ‘दुर्दैवी पिढी’ असे नाव पडले, चार वर्षांच्या शिक्षणापोटी आरंभी सुमारे 1,400 युरोंची भरपाई देऊ करण्यात आली. आठ वर्षे चाललेल्या या प्रयोगाची किंमत ज्यांनी मोजली, त्यांच्यापैकी कित्येकांनी ताणासाठी मानसतज्ज्ञाची भेट घेतली असेल. त्या मानसतज्ज्ञाच्या हाती कर्जाचा नियम बदलणे मुळीच नव्हते. एवढ्यावर हा विषय संपला नाही : 2024 मध्ये नव्या सत्ताधारी आघाडीने दीर्घकाळ शिकणाऱ्यांवर वर्षाला 3,000 युरोंचा दंड बसवण्याचा बेत केला, 25 नोव्हेंबर रोजी हेगच्या मालीवेल्ड मैदानावर शिक्षणातील कपातीविरुद्ध प्रचंड निदर्शने झाली आणि डिसेंबरमध्ये तो दंड रद्द झाला.

निवाऱ्याची टंचाई हा तिसरा धागा. डेल्फ्ट, आम्स्टरडॅम, उट्रेख्ट या शहरांत खोली मिळवण्यासाठी ‘होस्पिटेरेन’ नावाची प्रथा आहे, म्हणजे घरात आधीपासून राहणारे विद्यार्थी इच्छुकांना एका संध्याकाळी बोलावून त्यांच्यातून एकाची निवड करतात. ज्याला डच भाषा येत नाही, तो या चाचणीत बहुधा मागे पडतो. 2022 मध्ये आम्स्टरडॅम विद्यापीठाला परदेशी विद्यार्थ्यांना, खोली निश्चित झाली नसेल तर येऊच नका, असे कळवावे लागले.

मराठी घरांतून तेथे जाणाऱ्या विद्यार्थ्याच्या, विशेषतः डेल्फ्ट व आइंटहोव्हनच्या तंत्रविद्यापीठांत पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्याच्या, वाट्याला या सगळ्यावर आणखी एक थर येतो. युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्याचा निवास परवाना अभ्यासातील प्रगतीशी जोडलेला असतो. वर्षाचे निदान निम्मे श्रेयांक मिळवले नाहीत आणि त्याला मान्य कारण नसेल, तर विद्यापीठाला ही गोष्ट स्थलांतर खात्याला कळवावी लागते. त्याला सत्रात आठवड्याला 16 तासांहून अधिक, किंवा जून ते ऑगस्ट या काळाखेरीज पूर्णवेळ, नोकरी करता येत नाही आणि तीही मालकाने परवाना काढल्यावरच. शुल्क स्थानिकांच्या अनेक पट असते आणि घरी बहुधा शैक्षणिक कर्जाचे हप्ते वाट पाहत असतात. म्हणून एका विषयात नापास होणे हा त्याच्या दृष्टीने केवळ गुणांचा प्रश्न नसून देशात राहण्याच्या हक्काचा प्रश्न होतो, आणि जे घडले ते घरी सांगण्याची भीती त्यात मिसळते. ज्या मान्य कारणामुळे परवाना टिकू शकतो, ते कारण वेळेत नोंदवण्याची जागा म्हणजे तोच अभ्याससल्लागार आणि तोच स्टुडेंटेनडेकान. परंतु वडीलधाऱ्यांपुढे अडचण न सांगण्यात शिस्त मानणारे मूल त्यांच्याकडे जायला सर्वात उशिरा निघते.

2022 मध्ये शिक्षणमंत्रालय आणि विद्यापीठांत झालेल्या करारात विद्यार्थिस्वास्थ्यासाठी निधी ठेवला गेला आणि 2023 पासून ‘स्टाइन’ नावाचा राष्ट्रीय कार्यक्रम 2030 पर्यंत चालवण्याचे ठरले. त्यातील विचार सर्वांगीण आहे : शरीर, मन, मैत्री, पैसा, घर आणि अध्यापनाची पद्धत यांचा एकत्र विचार व्हावा, आणि त्यात विद्यार्थीही सहभागी असावेत. आम्स्टरडॅमचे व्रिये विद्यापीठ, लायडन, उट्रेख्ट व मास्ट्रिख्ट ही विद्यापीठे ज्या ‘केअरिंग युनिव्हर्सिटीज’ उपक्रमात एकत्र आली, त्यात मार्गदर्शकाच्या साहाय्याने आंतरजालावरून नैराश्य, ताण व चालढकल यांवर काम करण्याची सोय आहे. ही साधने मोलाची आहेत. पण पहिल्या वर्षाची अट आणि कर्जाचा नियम त्यांच्या आवाक्याबाहेर राहतात, आणि सर्वांगीणतेची खरी कसोटी तेथेच लागते.

महाराष्ट्राला ही दृष्टी नवी नाही. राजर्षी शाहू महाराजांनी 1901 मध्ये कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंगला आधार दिला, 1919 मध्ये कर्मवीर भाऊराव पाटील यांनी रयत शिक्षण संस्था उभारली, आणि अच्युतराव आपटे यांनी 1955 मध्ये पुण्यात विद्यार्थी सहाय्यक समिती काढली, तेव्हा त्यांनी ग्रामीण मुलाच्या शिक्षणाचा प्रश्न प्रथम राहण्याच्या आणि जेवणाच्या बाजूने सोडवला होता. जुलै 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याविषयी दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थांना पात्र समुपदेशक नेमण्यास सांगितले, ते योग्यच आहे. परंतु नेदरलँड्सचा अनुभव पाहता ही नेमणूक पुरेशी ठरणार नाही. शिष्यवृत्तीची रक्कम सत्र संपल्यावर नव्हे तर सुरू होतानाच खात्यात जमा व्हावी, वसतिगृहांच्या जागा प्रवेशांच्या प्रमाणात वाढाव्यात, आणि परीक्षा-नियमांत आजारी व अडचणीतील विद्यार्थ्याची बाजू ऐकण्याचे कायदेशीर बंधन संस्थांवर असावे, या तीन मागण्या महाराष्ट्रातील विद्यापीठांच्या अधिसभांनी समुपदेशकाच्या नेमणुकीबरोबरच मंजूर करून घ्याव्यात.