फॅमिली डॉक्टरांची नोंदवही आणि साथींची चाहूल
(व्याख्यानाचा मजकूर)



साथीच्या रोगाची पहिली खूण बहुधा एखाद्या पेठेतल्या साध्या दवाखान्यात उमटते. बाकावर बसलेल्या रुग्णांत एकाएकी तापाचे रुग्ण वाढतात, एकाच शाळेतली तीन मुले एकाच आठवड्यात येतात, एकाच चाळीतल्या दोन घरांत कावीळ निघते. वृत्तपत्रांत बातमी छापून येण्यापूर्वी आणि रुग्णालयांतील खाटा भरण्यापूर्वी हे सारे कुटुंबाच्या डॉक्टरांच्या नजरेस पडलेले असते. मात्र नजरेस पडणे आणि समाजाच्या उपयोगी पडणे यांच्यामध्ये एक पायरी आहे. ती पायरी म्हणजे नोंद. नोंद झाली नाही, तर शंभर डॉक्टरांनी पाहिलेली एकच साथ शंभर ठिकाणी विखुरलेली राहते. प्रस्तुत व्याख्यानाचा विषय ही नोंद आहे.

याचे एक उदाहरण मुंबईच्या इतिहासातच आहे. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी या धान्याच्या गोदामांच्या आणि दाट वस्तीच्या भागात तीव्र ताप आणि जांघेत वा काखेत गाठ अशी लक्षणे असलेले रुग्ण आढळू लागले. हा ग्रंथिक प्लेग आहे, हे ओळखून ते उघडपणे सांगणारे डॉ. अकासिओ गॅब्रिएल व्हिएगस हे खाजगी व्यवसाय करणारे डॉक्टर होते. मूळचे गोव्यातील हडफडे गावचे, शिक्षण मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात, आणि मुंबई महापालिकेचे सदस्य. रुग्णाच्या उशाशी बसून जे दिसले, ते त्यांनी पालिकेच्या स्थायी समितीपुढे मांडले. दवाखान्यातील निरीक्षण नगरसभेपर्यंत पोहोचले, ते एका व्यक्तीच्या दोन भूमिका योगायोगाने एकत्र आल्यामुळे. तसा योग नसता, तर ती माहिती किती दिवस गल्लीतच राहिली असती, याचा विचार करण्यासारखा आहे.

पुढील घटनाक्रमही तितकाच बोधप्रद आहे. प्लेगच्या बातमीने व्यापार थंडावला आणि लाखो लोक शहर सोडून गेले. सरकारने १८९७ चा साथरोग कायदा केला. सक्तीने घरात शिरून झडती घेणे, रुग्णाला आप्तांपासून दूर नेणे, सामान जाळणे असे उपाय सुरू झाले. परिणामी लोकांनी रुग्ण लपवण्यास प्रारंभ केला. पुण्यातील प्लेगबंदोबस्ताविषयीचा संताप इतका वाढला, की जून १८९७ मध्ये प्लेग कमिशनर रँड याच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, आणि मार्च १८९८ मध्ये मुंबईत दंगल झाली. माहिती दिल्यास आपले माणूस हिरावले जाईल, अशी भीती जेथे असते तेथे कोणीही माहिती देत नाही. रोगाची नोंद ही शेवटी विश्वासावर उभी असते, आणि तो विश्वास ज्याच्याजवळ सर्वांत अधिक असतो, तो घरातल्या तीन पिढ्यांना ओळखणारा डॉक्टर होय.

हा विश्वास आणि शिस्तबद्ध नोंद एकत्र आल्यावर काय साधते, हे इंग्लंडमधील एका खेड्यातील डॉक्टरने दाखवून दिले. यॉर्कशायरमधील वेन्सलेडेल या डोंगरी खोऱ्यात विल्यम पिकल्स हे आयुष्यभर वैद्यकीय व्यवसाय करीत होते. १९२९ मध्ये तेथे काविळीची साथ आली. खोऱ्याची लोकसंख्या सुमारे ५,७०० आणि रुग्ण सुमारे २५०. मोठ्या शहरात कोण कोणाला भेटले हे शोधणे अशक्यप्राय असते. पण या खोऱ्यात जत्रेला कोण आले आणि पाहुणा कोणाकडे उतरला, हे डॉक्टरांना ठाऊक असे. त्यांच्या एका आजारी तरुण रुग्णाइताने अंथरुणातून उठून गावच्या जत्रेला हजेरी लावली होती. त्या दिवशी तिच्या सहवासात आलेले लोक पुढे केव्हा आजारी पडले, याच्या तारखा पिकल्स यांनी जुळवल्या. अशा अनेक जोड्या लावून संसर्ग झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंतचा काळ २६ ते ३५ दिवसांचा असतो, हा निष्कर्ष त्यांनी काढला. प्रयोगशाळा नाही, अनुदान नाही. हाती केवळ तारीख, गाव आणि रुग्ण यांचे तक्ते. त्यांचा ग्रंथ १९३९ मध्ये प्रसिद्ध झाला. १९५२ मध्ये ब्रिटनमध्ये फॅमिली डॉक्टरांचे कॉलेज स्थापन झाले, तेव्हा त्याचे पहिले अध्यक्षपद या खेड्यातील डॉक्टरकडेच आले.

एका डॉक्टरची वही ही एका खोऱ्याची कहाणी सांगते. अनेक वह्या एकत्र ठेवल्या, तर देशाचे चित्र दिसते. या कॉलेजच्या संशोधन व सर्वेक्षण केंद्राचा आरंभ १९५७ मध्ये झाला, आणि १९६७ पासून इन्फ्लुएन्झासारख्या आजारांची साप्ताहिक आकडेवारी तेथे संकलित होत आली आहे. आज हजाराहून अधिक दवाखाने या जाळ्यात सहभागी आहेत. फ्रान्सने १९८४ मध्ये असेच जाळे उभारले. संगणक घरोघरी पोहोचलेले नसल्याच्या त्या काळात फ्रेंच डॉक्टर टेलिफोनला जोडलेल्या मिनिटेल नावाच्या छोट्या यंत्रावरून आपले आकडे पाठवीत. या जाळ्यांना 'सेंटिनेल', म्हणजे पहारेकरी, असे नाव आहे. पहारेकरी सर्व वाटांवर उभे नसतात. निवडक नाक्यांवर उभे राहूनही ते गावाला जागे करू शकतात.

या पहाऱ्याची रीत साधी पण काटेकोर आहे. प्रथम व्याख्या निश्चित करावी लागते. एक डॉक्टर ज्याला फ्लू म्हणेल, त्याला दुसरा सर्दी म्हणेल. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येनुसार ३८ अंश सेल्सिअस वा अधिक ताप, सोबत खोकला, आणि लक्षणांचा आरंभ गेल्या दहा दिवसांतील, असा रुग्ण 'इन्फ्लुएन्झासदृश आजारा'चा मानला जातो. दुसरी गोष्ट छेदाची. या आठवड्यात चाळीस रुग्ण आले, हा आकडा एकटा काहीच सांगत नाही. किती लोकांमागे चाळीस? ब्रिटनमध्ये प्रत्येक दवाखान्याकडे नावनोंदणी झालेल्या नागरिकांची यादी असल्यामुळे दर लाख लोकसंख्येमागे किती, हे काढता येते. तिसरी गोष्ट तुलनेची. गेल्या अनेक वर्षांच्या त्याच आठवड्याशी ताडून पाहिल्यावरच वाढ नेहमीची आहे की वेगळी, हे कळते. चौथी गोष्ट नमुन्याची. काही रुग्णांच्या घशातील वा नाकातील स्राव तपासून नेमका विषाणू ओळखला जातो, कारण ताप-खोकला इन्फ्लुएन्झामुळे, कोविडमुळे वा अन्य विषाणूंमुळेही होऊ शकतो. आणि या सर्वांत रुग्णाचे नाव पुढे जात नाही. पुढे जातात ते वय, आठवडा, ठिकाण आणि संख्या.

या छोट्या नमुन्यांचे मोल किती, हे अलीकडच्या एका घटनेवरून स्पष्ट होईल. इन्फ्लुएन्झाच्या लसीचे घटक दरवर्षी नव्याने ठरवावे लागतात. जगभरातून आलेल्या नमुन्यांच्या आधारे जागतिक आरोग्य संघटना फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी आणि सप्टेंबरात दक्षिण गोलार्धासाठी लसीचे घटक सुचवते. कोविडकाळात मुखपट्ट्या, अंतर आणि प्रवासबंदी यांमुळे २०२०-२१ च्या हिवाळ्यात इन्फ्लुएन्झाचे रुग्ण अनेक देशांत जवळजवळ दिसेनासे झाले. त्यानंतर इतर प्रकार परतले. परंतु 'बी-यामागाता' या शाखेचा विषाणू मार्च २०२० नंतर खात्रीशीरपणे कोठेही आढळला नाही. म्हणून सप्टेंबर २०२३ मध्ये तो घटक लसीतून वगळण्याचे मत संघटनेने दिले. एखादी गोष्ट नाहीशी झाली, हे सांगण्यासाठी ती असताना आणि नसताना सारख्याच चिकाटीने शोधावी लागते. रोग नसलेल्या आठवड्यात 'शून्य' लिहिणारा डॉक्टरही म्हणूनच तितकेच मोठे काम करीत असतो.

या पद्धतीला मर्यादाही आहेत. जो दवाखान्यात येत नाही, तो नोंदीत येत नाही. सणाच्या सुट्टीत आकडे घटतात, तेव्हा रोग घटलेला असतोच असे नाही. वृत्तपत्रांत भीती पसरली, की साध्या सर्दीचेही रुग्ण धावत येतात आणि आलेख फुगतो. कोविडकाळात सल्लामसलत दूरध्वनीवर गेली, तेव्हा मागील वर्षांशी तुलना करणेच कठीण झाले. आकडा आणि त्यामागील लोकांचे वर्तन, दोन्ही एकत्र वाचावे लागतात.

आता आपल्या प्रांताकडे वळू. युरोपात इन्फ्लुएन्झा हिवाळ्याचा आजार आहे. काश्मीर खोऱ्यातही त्याचा जोर जानेवारी ते मार्च असा असतो. महाराष्ट्रात मात्र त्याचा मुख्य हंगाम पावसाळा आहे. पुण्यातील राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था ज्यात सहभागी आहे त्या निरीक्षणांतून हा भेद स्पष्ट झाला. त्याचा व्यावहारिक अर्थ असा, की येथील ज्येष्ठांनी, गरोदर स्त्रियांनी आणि दमा, मधुमेह वा हृदयविकार असलेल्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने लस घ्यावयाची, तर ती पावसाळ्याच्या आधी. चातुर्मासात प्रवचने, उत्सव आणि सामुदायिक कार्यक्रमांसाठी वृद्धांपासून बालकांपर्यंत सर्व एका छताखाली येतात, तोच हा काळ. डेंग्यू आणि लेप्टोस्पायरोसिस यांचाही हंगाम हाच. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईत लेप्टोचे रुग्ण वाढले होते. तापाच्या रुग्णाला 'साचलेल्या पाण्यातून चाललात का?' असे विचारणारा डॉक्टर त्या एका प्रश्नातून निदान आणि नोंद दोन्ही साधत असतो.

शासकीय पातळीवर २००४ मध्ये एकात्मिक रोग सर्वेक्षण प्रकल्प सुरू झाला. आरोग्यसेवकांनी लक्षणांवरून, डॉक्टरांनी संभाव्य निदानावरून आणि प्रयोगशाळांनी तपासणीवरून असे तीन प्रकारचे साप्ताहिक अहवाल त्यात ठरवण्यात आले. एप्रिल २०२१ पासून हे काम देशभर नव्या संगणकीय मंचावर नेण्यात आले. परंतु एक उणीव मोठी आहे. आपल्याकडे बहुसंख्य रुग्ण प्रथम खाजगी दवाखान्यात जातात आणि तेथील नोंदी सरकारी अहवालात फार थोड्या पोहोचतात. शिवाय कुटुंबाचा ठरलेला डॉक्टर ही संस्थाच क्षीण होत आहे. ताप आला की औषधाच्या दुकानातून गोळ्या, दोन दिवसांत उतरला नाही तर थेट तज्ज्ञ, असा प्रघात पडला आहे. दुकानातून परस्पर घेतलेली प्रतिजैविके विषाणूजन्य तापावर निरुपयोगी असतातच. त्याखेरीज तो ताप कोणाच्याही वहीत उमटत नाही. पहारेकऱ्याच्या नाक्यावरून कोणी जाईनासे झाले, तर तो कोणाला जागे करणार?

या बाबतीत समाजाला करण्यासारखे बरेच आहे, आणि त्यास फारसा खर्च नाही. प्रत्येक कुटुंबाने एक डॉक्टर ठरवावा आणि त्याच्याकडे सातत्य ठेवावे. आजारपणात प्रवास, घरातील इतर रुग्ण आणि पाण्याचा स्रोत यांची माहिती न लपवता सांगावी. ताप-खोकला असताना मंडपात वा सभागृहात येण्याचा मोह टाळावा, आणि घरी राहिलेल्या सभासदाविषयी कोणी गैरसमज करून घेऊ नये. ज्या विश्वस्त संस्था धर्मादाय दवाखाने चालवतात, त्यांनी दर आठवड्यास एक पान भरावे: एकूण रुग्ण किती, त्यांपैकी खोकल्यासह ताप किती, जुलाब किती, कावीळ किती, अंगावर पुरळासह ताप किती, आणि बालके, प्रौढ, वृद्ध अशी विभागणी. नावे लिहू नयेत. येथे नावनोंदणीची यादी नसल्यामुळे दर शंभर रुग्णांमागे प्रमाण काढावे आणि ते पान नगरपालिकेच्या वा जिल्ह्याच्या आरोग्य विभागाकडे पाठवावे. दोन-तीन वर्षे सातत्य राहिले, की नेहमीचा पावसाळा कसा असतो हे कळेल, आणि मग नेहमीपेक्षा वेगळा आठवडा आपोआप उठून दिसेल.

मांडवीतील त्या डॉक्टरांजवळ न आलेख होते, न संगणक. समोरच्या रुग्णाकडे लक्षपूर्वक पाहणे आणि पाहिलेले वेळीच सांगणे, एवढेच त्यांनी केले. आज साधने विपुल आहेत. पाहणारे डॉक्टर, बोलणारे रुग्ण आणि लिहून ठेवणारी संस्था एवढी तीन माणसे प्रत्येक पेठेत मिळाली, तर पुढची साथ दारात येण्यापूर्वी तिची चाहूल निश्चित लागेल.