हिच रॅक घ्यायचाय? आधी गाडीखाली वाका

आजचा विषय तुमच्यापैकीच काहींनी सुचवलाय. प्रश्न असा: "एसयूव्हीच्या मागे हिचवर लागणारा सायकल रॅक घ्यायचाय, कुठला घेऊ?"

हवाय कशाला, हे तळवडेकरांना सांगायला नको. सकाळी लवकर निघालात तरी चाकणकडचे कंटेनर तुमच्या आधी रस्त्यावर हजर असतात. देहूपर्यंत ठीक आहे. पण पवना धरणाकडे राइड मारायची तर सायकल गाडीवर टाकून कामशेतपर्यंत न्यायची आणि तिथून पुढे चालवायची, हे बरं पडतं. एक्सप्रेसवेवर तर सायकलला बंदीच आहे.

आता गंमत बघा. आपण यूट्यूबवर अमेरिकन व्हिडिओ बघतो. तिथे गाडीच्या मागे दोन इंची चौकोनी भोक असतं, त्याला रिसीव्हर म्हणतात. रॅक आणला, आत सरकवला, पिन मारली, झालं. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांना कंपनीकडून हे भोकच येत नाही. त्यामुळे "कुठला रॅक" हा दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न, तो लटकवणार कशाला?

आणि आपण राहतो कुठे? तळवडे, चिखली, भोसरी. गल्लीत दोन फॅब्रिकेशनवाले. "भाऊ, पाइप कापतो, खाली वेल्ड मारतो, संध्याकाळी गाडी घेऊन जा." माणसं हुशार आहेत, हात चांगला आहे, त्यात वाद नाही. पण ग्रिल किंवा गेट बनवणं वेगळं आणि हे वेगळं.

का, ते सांगतो. दोन सायकली, प्रत्येकी १४ किलो धरा. रॅक स्वतः साधारण २० किलो. झाले ४८. तुम्ही म्हणाल, एवढंच ना, एक माणूसच तर आहे. पण हा माणूस गाडीच्या आत बसलेला नाही, बंपरच्या मागे अर्धा मीटर लोंबकळतोय. लांब पान्याने नट पटकन सुटतो ना, तसंच हे. वजन जितकं मागे, तितका सांध्यावर पीळ जास्त. वर आपले स्पीडब्रेकर. गाडी आपटली की त्या क्षणी हेच वजन दुप्पट-तिप्पट असल्यासारखं खाली ओढतं. आणि हे एकदा नाही, हजारो वेळा होतं. लोखंड एका दणक्यात तुटत नाही, वेल्डच्या कडेला बारीक चीर पडते आणि ती रोज थोडी वाढते.

म्हणून गाडीखाली वाकून बघा. स्कॉर्पिओ-एन, थार, बोलेरो, फॉर्च्युनर यांच्या खाली शिडीसारखी चासी असते. त्यावर बोल्टने बसणारा हिच घेतला तर पाया भक्कम मिळतो. क्रेटा, नेक्सॉन, ब्रेझा, हॅरियर या मोनोकॉक, म्हणजे बॉडी आणि चासी एकच. तिथला पत्रा पातळ आणि जास्त ताकदीचा असतो. वेल्डच्या उष्णतेने त्याची ताकद कमी होते, गंजरोधक थरही जळतो. मग एक-दोन पावसाळे गेले की बघायला नको.

वेल्डिंग नको म्हणण्याचं अजून एक कारण आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ तपशिलांपेक्षा वेगळा बदल करायला मनाई करतं. वॉरंटी आणि इन्शुरन्सवाल्यांना आयतं निमित्त कशाला द्यायचं? हिच घेताना एकच विचारा, "यावर उभं वजन किती किलो चालतं, आणि ते कुठे लिहिलंय?" युरोपातल्या हिचच्या पट्टीवर 'एस' नावाचा आकडा असतो, तो हाच. पट्टी नाही, कागद नाही, नुसतं "बिनधास्त लावा" असेल तर चहा पिऊन परत या.

मापाचंही तसंच. बाहेरच्या रॅकचा दांडा ५०.८ मिमी असतो. इथे ६० मिमीचा, ४ मिमी जाडीचा चौकोनी पाइप वापरला तर आत ५२ मिमी जागा मिळते. फरक फक्त १.२ मिमी. पण दांडा आत १५ सेंटिमीटरच असेल, तर ९० सेंटिमीटर मागच्या टोकाला तोच फरक सात-आठ मिमीचा होतो. खडखड सुरू. त्यामुळे दांडा घट्ट आवळणारा बोल्ट असलेलाच रॅक घ्या.

रॅकचे प्रकार दोन. एकात सायकल फ्रेमला टांगतात, दुसऱ्यात चाकं ट्रेमध्ये ठेवतात. मी ट्रेवाल्याच्या बाजूने. टांगलेल्या सायकली एकमेकींना घासतात, आणि कार्बन फ्रेम असेल तर क्लॅम्पने तिला आवळणं नकोच. सायलेन्सरचं तोंड मागच्या टायरच्या जवळ येतंय का, तेही बघा. आणि थारसारखी मागच्या दाराला स्टेपनी असेल, तर हिचचा दांडा तिला ओलांडून मागे यावा लागतो, म्हणजे पीळ अजून वाढला.

रुंदी मोजा. २९ इंची एमटीबीची लांबी १९० सेंटिमीटरच्या आसपास भरते. क्रेटा किंवा ब्रेझाची रुंदी १७९. म्हणजे चाकं दोन्ही बाजूंना पाच-पाच सेंटिमीटर बाहेर. तळवडे चौकात मागून रिक्षा कशी घुसते, हे तुम्हाला माहितीये. रोड बाइक साधारण १६७ची असते, ती आत राहते.

सगळ्यात अडचणीची गोष्ट नंबर प्लेट. रॅक लावला की ती झाकली जाते. काही देशांत रॅकवर लावायला वेगळी प्लेट मिळते. आपली एचएसआरपी स्नॅप लॉकने बसवलेली असते, काढून रॅकवर लावायची सोय नाही, आणि साध्या प्लेटवर नंबर रंगवून टांगणं चालत नाही. एक्सप्रेसवेवर आयटीएमएसचे कॅमेरे प्लेट वाचतात. म्हणून विकत घेण्याआधी दुकानातच रॅक गाडीला लावून, सायकली चढवून, दहा मीटर मागे उभं राहून फोटो काढा. नंबर आणि टेललाइट पूर्ण दिसत नसतील तर तो रॅक तुमच्या गाडीचा नाही. रिकामा रॅकही दुमडला की प्लेटसमोर येतो. राइड संपली की काढून ठेवा.

माझं मत विचाराल तर क्रेटा-नेक्सॉनवाल्यांनी हिचच्या मागे लागू नये. मागची सीट पाडा, पुढची चाकं काढा, जुनी चादर टाका, दोन रोड बाइक आत जातात. स्कॉर्पिओवाले आणि चार जणांचं कुटुंब असेल तर हिचचा विचार करा. तुमची गाडी कुठली, सायकली कुठल्या, ते व्हॉइस नोटने पाठवा. मापं टाकायला विसरू नका.