वाचनांतून परभाषेची शब्दसंपत्ति

परभाषा शिकूं पाहणारा मनुष्य मोठ्या उमेदीनें एखादा नामांकित ग्रंथ हातीं घेतो, शेजारीं कोश मांडतो आणि पानागणिक वीस-तीस शब्द वहींत उतरवूं लागतो. चौथ्या दिवशीं ग्रंथ फडताळांत जातो, आणि ही भाषा आपल्या नशिबीं नाहीं, असा निकाल तो स्वतःविरुद्ध देऊन बसतो. दोष बहुधा पुस्तकाच्या निवडींत असतो; शिक्षा मात्र बुद्धीला होते.

हें वर्म मायकेल वेस्ट या इंग्रज शिक्षणाधिकाऱ्यानें १९२० नंतरच्या दशकांत ढाक्क्यास ओळखलें. बंगाली मुलें वर्षानुवर्षें इंग्रजी शिकत. पण पुष्कळांची शाळा मध्येंच सुटे व पदरीं कांहीं उरत नसे. निदान वाचतां आलें, तर शाळा सुटली तरी विद्या सुटणार नाहीं, असा त्याचा विचार होता. प्रचलित वाचनमालांत नवे शब्द दाटीवाटीनें येत, आणि त्यांतील कित्येक जुनाट असत. वेस्टनें त्यांच्या जागीं नित्य वापराचे शब्द घातले, नवे शब्द विरळ केले व एकदां आलेला शब्द पुनःपुन्हां भेटेल अशी योजना केली. पुढें २००० सालीं हू व नेशन या संशोधकांनीं इंग्रजी कथेवर प्रयोग करून दाखविलें कीं, शंभरांपैकीं सुमारें ९८ शब्द ओळखीचे असले, तरच बहुतेक वाचकांना मदतीवांचून मजकूर नीट समजतो.

याचें कारण उघड आहे. हिंदी वाचणाऱ्या मराठी माणसाला ‘शिक्षा’ हा शब्द दिसतांच छडी आठवते. मुलाच्या शिक्षेसाठीं बापानें शेत विकलें, हें वाचून तो बुचकळ्यांत पडतो. पुढें शाळा, गुरुजी, पुस्तकें येतात, आणि येथें शिक्षा म्हणजे शिक्षण, हें त्याला आपोआप उमगतें. भोंवतालचे शब्दच अनोळखी असते, तर हा उलगडा कोठून होता? शिवाय एका भेटींत शब्द ठरत नाहीं; तो निरनिराळ्या वाक्यांत वारंवार भेटावा लागतो.

म्हणून जिज्ञासूनें पुस्तक उघडून शंभर शब्द मोजावे. दोन-तीनांहून अधिक अडले, तर तें पुस्तक पुढच्या वर्षासाठीं ठेवावें व मुलांच्या गोष्टींचें घ्यावें. त्यांत लाज कसली? प्रकरण संपेपर्यंत कोश मिटलेला असावा. मग जो शब्द पुनःपुन्हां आडवा आला, तेवढाच पाहावा. अशीं दहा सोपीं पुस्तकें संपलीं, कीं फडताळांतला तो नामांकित ग्रंथ पुन्हां खालीं काढावा.