गेटापर्यंत गाडी जाते, गावापर्यंत का नाही?

(ताडोबा भोवतालच्या गावांच्या बैठकीतलं भाषण)



ताडोबा हे नाव आपल्या तारू देवाचं. वाघाशी लढता लढता तो गेला असं आपले म्हातारे सांगतात. तळ्याकाठी त्याचं ठाणं आहे, त्याची जत्रा पौषातली. १९५५ साली त्या जंगलाचं राष्ट्रीय उद्यान झालं, महाराष्ट्रातलं पहिलं. उद्यानाला देवाचं नाव मिळालं. देवाच्या लेकरांनी जायचं-यायचं कसं, ते मात्र कोणी विचारलं नाही.

पाहुणा येतो तर मोहर्लीला, कोलाऱ्याला त्याच्यासाठी जिप्सी तयार असते. सकाळी एक फेरी, दुपारी एक फेरी, मंगळवारी सुट्टी. त्याच्यावर आमचा राग नाही. आपल्याही पोट्ट्यांना तिथं गाइडचं काम मिळतं. पण ताप मंगळवारीही येतो, आणि बाळंतपण फेरीची वेळ पाहून येत नाही.

आपली गाडी म्हणजे चंद्रपूरहून मोहर्लीची एस.टी., चिमूरहून कोलाऱ्याची एस.टी., नाहीतर खच्चून भरलेली काळी-पिवळी. ती फाट्यावर सोडते. पुढे रेशन डोक्यावर घेऊन पायी. दिवस बुडताना वाघ फिरतो हे आपल्याला कोणी शिकवायला नको. बस तासभर उशिरा आली की तो तास आपल्या जिवावर येतो. मग बाप म्हणतो, पोरी, राहू दे आता शाळा.

असं वर्षानुवर्षं चाललं की गाव कंटाळतं. मग कोणी कागद घेऊन येतो, सही करा म्हणतो, आणि त्याला स्वखुशीचं पुनर्वसन म्हणतात. रस्ता नाही, बस नाही म्हणून केलेली सही खुशीची कशी? बसचा प्रश्न हा जमिनीचाच प्रश्न आहे, तो असा.

आता कायदा ऐका. २००६ च्या वनहक्क कायद्यात राष्ट्रीय उद्यानाची जमीनही वनजमीनच धरली आहे. कलम ३(२) मध्ये गावासाठी १३ सुविधा आहेत. शाळा, दवाखाना, अंगणवाडी, रेशन दुकान आहे, तसा रस्ताही आहे. अटी तीन: एका कामाला एक हेक्टरपेक्षा कमी जमीन, हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तोडायची नाहीत, आणि ग्रामसभेची शिफारस. हिशोब करा, चार मीटर रुंदीचा जवळजवळ अडीच किलोमीटर रस्ता एका हेक्टरात बसतो. बऱ्याच गावांचा फाटा तेवढ्याच अंतरावर आहे!

आणि कलम ४(५) सांगतं, हक्कांची मान्यता आणि पडताळणी पूर्ण होईपर्यंत कोणालाही त्याच्या ताब्यातल्या वनजमिनीवरून उठवता येत नाही.

म्हणून प्रत्येक गावानं तीन कामं करायची.

एक, वनहक्काची ग्रामसभा बोलवा. निम्मे सभासद पाहिजेत, हजर असलेल्यांत एक तृतीयांश बाया पाहिजेत. रस्त्याच्या शिफारशीचा ठराव लिहा.

दोन, एस.टी. आगाराला अर्ज द्या. 'बस सुरू करा' एवढंच लिहू नका. शाळा किती वाजता सुटते, बाजार कोणत्या दिवशी, शेवटची बस किती वाजता गावात पाहिजे, ते लिहा. पोच घ्या.

तीन, सामूहिक दाव्यात देवस्थान लिहा, आणि देवाकडे जायची वाटही लिहा.

रस्ता होईपर्यंत फाट्यावरून एकट्यानं निघायचं नाही. सगळे उतरले की सगळे मिळून चाला. आणि ठराव होईपर्यंत कोऱ्या कागदावर कोणीही अंगठा देऊ नका.

जय सेवा! जंगल आमचं, वाटही आमची!