न्यायासनावरून उतरल्यावर
जबलपूरच्या उच्च न्यायालयात न्यायदान केलेले, पुढे गुजरातचे मुख्य न्यायमूर्ती आणि २००२ ते २००५ या काळात सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश झालेले श्री. देवदत्त माधव धर्माधिकारी यांच्या निवृत्तीनंतरच्या एका कामगिरीकडे श्रोत्यांचे लक्ष वेधावेसे वाटते.

२०१४ साली आंध्र प्रदेशाचे विभाजन झाले. पुढच्याच वर्षी तेलंगणाच्या वीज कंपन्यांनी १,१५७ कर्मचाऱ्यांना कार्यमुक्त केले. आंध्रच्या कंपन्या त्यांना घेईनात. माणसे कामाची, पण कोणाचीच नाहीत! अखेर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही वाटणी धर्माधिकारींच्या एकसदस्य समितीकडे सोपविली आणि तिचा निर्णय सर्वांवर बंधनकारक ठरविला.

मध्यस्थ समजूत घालतो, तोडगा लादीत नाही. लवाद निवाडा देतो. येथे अधिकार लवादाचा होता, पण धीर मध्यस्थाचा हवा होता. कारण भांडणारे पक्ष कंपन्यांचे असले, तरी यादीतील एकेका नावामागे एकेक बिऱ्हाड होते. कागदावर हे सहसा दिसत नाही.

२०१९ च्या डिसेंबरात अंतिम अहवाल आला. त्यालाही आव्हान मिळाले. २०२० च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला. तोवर त्या कार्यमुक्तीला पाच वर्षे उलटून गेली होती.