शेवटच्या तोटीचं पाणी

कवी माणूस पाण्यावर बोलणार म्हटलं की लोकांना वाटतं, आता नदी येईल, पाऊस येईल, डोळ्यांतलं पाणी येईल. पण आज मी आमच्या चांदूर रेल्वे तालुक्यातल्या खेड्यांच्या नळाविषयी बोलणार आहे. विहीर, मोटर, टाकी, पाइप आणि तोटी. विषय एवढाच, पण सगळं गाव त्यात येतं.

आमच्याकडच्या लहान गावांची नळयोजना बहुधा एकाच नमुन्याची. नाल्याकाठी विहीर, विहिरीत मोटर, तिथून उंचावरच्या टाकीपर्यंत पाइप आणि टाकीतून गल्लोगल्ली उतरणारं पाणी. जलजीवन मिशनची घोषणा १५ ऑगस्ट २०१९ ला झाली. घरोघरी नळ आणि माणशी रोज ५५ लिटर पाणी, असं तिचं माप. आधी मुदत २०२४ ची होती, ती पुढे २०२८ पर्यंत वाढवली. हजार वस्तीचं गाव धरा. रोज ५५ हजार लिटर पाणी झालं. नळ एकदा बसवला की बसला. हे पाणी मात्र रोज चढवावं लागतं, पोळा असो की ईद.

ते चढवणारा असतो ग्रामपंचायतीचा एक माणूस. कागदावर तो पाणीपुरवठा कर्मचारी, गावात नळवाला. लाइन रात्री आली तर तो रात्री विहिरीवर जातो. स्टार्टर पाहतो, फ्यूज पाहतो, टाकी भरली की मोटर बंद करतो. मग हातात लांब चावी घेऊन एकेका भागाचा वॉल उघडत फिरतो. नळ आला तर त्याची आठवण कोणाला होत नाही. नाही आला, की सगळ्यांना होते. “काहून भाऊ, आज नय नाही आला?” तो बिचारा सांगतो, “मोटर जयली, काकाजी.” आणि मोटर जणू त्यानंच जाळली, अशा नजरेनं लोक त्याच्याकडे पाहतात.

त्याच्याच हातात गावाची तब्येतही असते. हजार लिटर पाण्याला साधारण पाच ग्रॅम ब्लिचिंग पावडर, जिला गावात टीसीएल म्हणतात. पन्नास हजार लिटरची टाकी असेल तर पाव किलो. ती तशीच टाकीत ओतायची नसते. बादलीत कालवायची, गाळ खाली बसू द्यायचा, वरची निवळी टाकीत सोडायची आणि अर्धा तास थांबून मगच वॉल उघडायचा. पोतं ओलीत किंवा उघडं राहिलं तर पावडरचा जोर जातो. वास येतो, पण जंतू मरत नाहीत. म्हणून तपासणी करायची ती टाकीजवळ नव्हे, गावातल्या शेवटच्या तोटीवर. तिथल्या पाण्यात ओटीचे थेंब टाकले आणि रंग पिवळा आला, तर क्लोरीन तिथवर पोहोचलं. लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन तिथे उरायला हवं, असं शास्त्र सांगतं.

ही शेवटची तोटी मला फार महत्त्वाची वाटते. पाण्याचा दाब टाकीजवळ जास्त, दूर कमी. मधल्या कोणी नळाला टिल्लू पंप लावला, की पुढच्यांचं पाणी तोच ओढून घेतो. कोणाच्या नळाला तोटीच नसली, तर मिनिटाला दहा लिटर नालीत जातात. तासाचे सहाशे लिटर झाले, म्हणजे अकरा माणसांचा दिवसाचा वाटा. आता शेवटची तोटी असते कुठे? पुष्कळ गावांत ती बौद्धवस्तीत, मोहल्ल्यात किंवा गावाबाहेर वसलेल्या बेघर वस्तीत असते. पाइप टाकणाऱ्यानं मुद्दाम तसं केलं असं नाही. गावच तसं वसलं आहे.

आपल्याकडे विहिरी वेगळ्या होत्या, पाणवठे वेगळे होते. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं, ते माणूस म्हणून असलेल्या हक्कासाठी. पुढे खेड्यात नळ आला आणि भाषण न देता त्यानं एक मोठं काम केलं. एकाच टाकीचं पाणी सगळ्यांच्या घरात गेलं. पण योजना बंद पडली की काय होतं? ज्याची स्वतःची विहीर, ज्याच्या अंगणात बोअर, त्याचं भागतं. शेवटच्या गल्लीतली बाई हंडा घेऊन दुसऱ्याच्या वावरात जाते आणि मालकाच्या मर्जीनं पाणी भरते. नळ बंद पडला, की गाव पुन्हा विहिरी-विहिरींत वाटलं जातं. म्हणून दुरुस्ती हा माझ्या दृष्टीनं माणुसकीचा प्रश्न आहे.

ही दुरुस्ती अडते पैशावर. विजेचं बिल, मोटरचं वायंडिंग, टीसीएल, नळवाल्याचा पगार, असा सगळा खर्च आहे. लोक म्हणतात, “पानीच येत नाही, त पट्टी काहून भरू?” ग्रामपंचायत म्हणते, पट्टी येत नाही तर मोटर कशातून दुरुस्त करू? दोघांचंही खरं असतं आणि त्यात टाकी कोरडी राहते. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या पाटोदा गावानं यातून वाट काढली. भास्करराव पेरे पाटील सरपंच असताना तिथे पूर्ण कर भरणाऱ्या कुटुंबाला ग्रामपंचायतीच्या गिरणीवर दळण मोफत मिळू लागलं. भरलेला पैसा पीठ होऊन घरी येताना दिसला. प्रत्येक गावाला गिरणी जमेलच असं नाही. पण पट्टी किती आली, कशावर गेली, हे ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लिहायला तर खडूच लागतो.

पाणी पाजणं हे पुण्य, हे आपल्याला शिकवावं लागत नाही. उन्हाळ्यात पाणपोई लागते, मोहरममध्ये आम्ही सबील लावतो. विहीर बांधणाऱ्याचं नाव दगडावर कोरतात. विहिरीतला गाळ काढणाऱ्याचं नाव मात्र मी कुठे वाचलं नाही.

जुन्या लोकांना दुरुस्तीचं मोल कळत होतं. आमच्या स्टेशनातून भुसावळला जावं आणि तिथून खंडव्याच्या गाडीत बसावं, की बऱ्हाणपूर लागतं. तिथे १६१५ साली, सुभेदार अब्दुल रहीम खानखानाच्या काळात, ‘कुंडी भंडारा’ बांधला गेला. दोह्यांसाठी आपण ओळखतो, तेच हे रहीम. सातपुड्यातून झिरपणारं पाणी जमिनीखालच्या बोगद्यातून शहराकडे आणलं आणि वाटेत शंभरावर कुंड्या, म्हणजे उभ्या विहिरी, ठेवल्या. त्यातून हवा आत जाते आणि माणूस खाली उतरून साफसफाई करू शकतो. बांधणाऱ्यानं साफ करणाऱ्याची वाट आधीच ठेवली होती. चारशे वर्षांनंतरही तिथे पाणी वाहतं आहे.

आपल्या विहिरीचंही असंच जपायला हवं. शेजारी नवे बोअर झाले की ती मार्चमध्येच तळ दाखवते. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर नको, हे आपल्या राज्यानं १९९३ च्या कायद्यातच लिहिलं. पण ते अंतर पायांनी मोजायला गावातलंच कोणीतरी लागतं.

श्रोतेहो, येत्या ग्रामसभेत फक्त तीन गोष्टी विचारा. पाणीपट्टी किती आली आणि कशावर गेली? एक मोटर जळाली तर दुसरी तयार आहे का? आणि शेवटच्या तोटीवर ओटी टेस्ट कधी झाली, रंग कोणता आला? पाणी तपासायचं किट वापरायला गावातल्या पाच महिलांना शिकवायचं, अशी मिशनमध्ये तरतूद आहे. त्यातली एक तरी शेवटच्या गल्लीतली असू द्या. आणि नळवाल्याचा पगार थकला असेल, तर तोही विषय सभेच्या कागदावर घ्या. सकाळी आपल्या घरी नळ आला, तेव्हा तो माणूस रात्री जागलेला असतो.